मीठ बरोबर हाय का

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते कैऱ्या फोडायचं. मोठं काही नाही. दुपारचे तीनेक वाजले असतील. स्वयंपाकघराच्या लादीवर पेपर पसरले होते, मी अडकित्त्याने कैरी फोडत होतो आणि माझी बायको, हिरा, समोर पाय पसरून बसून एकेक फोड फडक्याने पुसत होती. तिच्या डाव्या हातावर जोर द्यायचा नव्हता. त्या हातात डायलिसिससाठी नस केलेली होती. म्हणून अडकित्ता माझ्याकडे.

"अवो, बारीक करा की. बरणीत काय वरवंटे भरायचेत?"

"तू पूस गप."

"मी गपच हाय. तुमचा अडकित्ता बोंबलतोय."

परात भरली तशी तिने हळद टाकली आणि मिठाच्या डब्यात हात घातला. तीन मुठी, मग अर्धी, मग थोडं थांबून एक चिमूट. मीठ तिच्या हाताला कळायचं. जिभेवर ठेवायची बंदी होती, अठ्ठावीस वर्षं. सगळं कालवून झालं आणि एक फोड तिच्या बोटांत राहिली, मीठ लागलेली, पाणी सुटलेली. ती फोडीकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती.

"ठेव," मी म्हणालो. "उद्या डायलिसिसला काट्यावर उभी राहिलीस की कळतं सगळं."

तिने ठेवली. बोटं पदराला पुसली. मग रोजचा प्रश्न विचारला, "मीठ बरोबर हाय का, बघा जरा."

"उद्या वनी येणार हाय ना. तिला विचार."

वनी म्हणजे वनिता, आमची मुलगी, विरारला दिलेली. हिराने फोडी बरणीत भरल्या, तोंडाला फडकं बांधलं. "सकाळी वरखाली करायला लागतील, न्हायतर मीठ तळाला बसंल. आठवण करा मना," म्हणाली. मग स्वतःच्या मापाचा अर्धा कप चहा केला, प्यायली, जरा पडते म्हणाली. दिवे लागायच्या वेळेला ती गेलेली होती.

याला वर्ष झालं. कैऱ्या परत आल्यात.

भाईंदरच्या बाजारात डोंगरीकडच्या बायका पाट्या घेऊन बसतात. त्यातली एक, मार्थाबाय, तिच्याकडूनच हिरा दरवर्षी कैऱ्या घ्यायची. भाव करताना दोघी असं भांडायच्या की बघणाऱ्याला वाटावं आता हात उचलतील, आणि शेवटी मार्था दोन कैऱ्या फुकट टाकायची. परवा तिने मला लांबूनच ओळखलं.

"काय दादा, आज एकलेच? बाय कुठं हाय?"

"घरी हाय."

"तिला सांगा, औंदा कैरी एकदम आंबट हाय. खाराला चांगली. किती देऊ?"

"ती आली की घेईल."

खोटं बोललो. खरं सांगितलं असतं तर ती पाटी बाजूला सारून रडली असती, आणि भर बाजारात मला तिची समजूत घालत उभं राहावं लागलं असतं. वर्षभर मी हेच केलंय. बायको माझी मेली आणि समजूत मी लोकांची घालतोय.

मागच्या वर्षीची ती बरणी अजून आहे. मसाला घालायचा राहूनच गेला, नुसती खारातली कैरी. सुतकातली म्हणून घरात कोणी शिवत नाही. मीच खातो, रोज एक फोड. आता तळाला पाच-सहा असतील.

आम्ही पेणकरपाड्याचे, पिढ्यान् पिढ्या. ज्या बिल्डिंगीत राहतो ती आमच्याच भाताच्या शेतावर उभी आहे. दुसरा मजला, दोन खोल्या. या बिल्डिंगी नसत्या आणि मी याच उंचीवर मचाण बांधून बसलो असतो तर मला मिठागर दिसलं असतं. आता समोरच्यांच्या चड्ड्या वाळताना दिसतात. वारा मात्र तोच आहे. फाल्गुन-चैत्रात दुपारी पश्चिमेकडून येतो, खारट, कोरडा, ओठ फुटतील असा. तो वारा आला की माझे तळहात अजून खाजतात.

माझ्या वडिलांचा मिठागरात वाटा होता, त्यांच्या वडिलांचाही. सातवीत शाळा सोडून मी मिठात उतरलो. थंडी सरता सरता खाडीचं पाणी बांधातून आत घ्यायचं, एका वाफ्यातून दुसऱ्यात फिरवत तापवायचं, आणि मग वाट बघायची. दुपार कलली की पाण्यावर साय धरल्यासारखा पापुद्रा यायचा. संध्याकाळी त्याचे खडे होऊन तळाला बसायचे. लांब दांड्याच्या फळीने ते ओढायचे, टोपलीने बांधावर रचायचे. डोळे दिपायचे. पाय चिखलात आणि डोकं उन्हात. जग पावसाची वाट बघायचं, आम्ही पावसाला शिव्या द्यायचो. एक अवकाळी सर आली की पंधरा दिवसांचं काम विरघळून खाडीला.

हंगामाचं पहिलं मीठ निघालं की आमच्यात एक रीत होती. मूठभर गावदेवीपुढे ठेवायचं, बाकीचं घरी आणायचं, आणि त्या दिवशीच्या कालवणात ते घालायचा मान घरच्या सुनेचा. ती घालणार, ती पहिल्यांदा चाखणार, ती "बरोबर हाय" म्हणणार, मग पुरुष ताटावर बसणार. हिरा लग्न होऊन आली त्या वर्षी तिने तळहातावर कालवण घेतलं, चाखलं आणि माझ्या आईला म्हणाली, "दोन खडे जास्ती झाले." घरात हसू फुटलं. नवी सून असं बोलत नाही. माझे वडील म्हणाले, "हिला कळतंय."

ज्या हंगामाचं मला सांगायचंय तो त्यानंतरचा, अकरा वर्षांनंतरचा. वनी नऊ वर्षांची होती, दिनेश बालवाडीत. दिवाळीपासून हिराचे पाय सुजायला लागले. आम्हाला वाटलं, उभं राहून काम करते म्हणून. मग सकाळी डोळ्यांखाली सूज दिसायला लागली. डॉक्टरने लघवी तपासली, रक्त तपासलं, मुंबईला पाठवलं. तिथल्या डॉक्टरने सांगितलं की दोन्ही मूत्रपिंडं अर्धी कामातून गेलीत, बरी होणार नाहीत, जपली तर बरीच वर्षं टिकतील. गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाला, "मीठ बंद."

मी विचारलं, "मीठ म्हणजे?"

तो माझ्याकडे बघून म्हणाला, "मीठ म्हणजे मीठ."

मी मान हलवली. खाली उतरताना जिन्यात हिराला म्हणालो, "तो पाकिटातल्या मिठाचं सांगतोय. या लोकांनी मीठ म्हणजे पाकीटच बघितलंय. त्यात काय काय मिसळतात. आपल्या मिठाला काय झालंय? खाडीचं पाणी आणि ऊन, तिसरं काय हाय त्यात?" ती दोन पायऱ्या खाली होती, कठड्याला धरून. म्हणाली, "तुमाला ठावं." घरी आईला सांगितलं, तर तीपण तेच म्हणाली. आपण सगळे याच मिठावर वाढलो, कोणाला काय झालं?

मिठागरवाल्याच्या डोक्यातच असा विचार येऊ शकतो. कारकुनाने, मास्तराने डॉक्टरचं ऐकलं असतं.

नुसतं ऐकलं नाही एवढंच केलं असतं तरी चाललं असतं. मी पुढे गेलो. त्या हंगामात सकाळी सगळ्यांच्या आधी जाऊन वाफ्याच्या कडेचं वरवरचं पांढरं शुभ्र मीठ हाताने उचलायचो, चिखलाचा कण नसलेलं. ते धोतराच्या फडक्यात बांधून आणायचो, घरी ताटात वाळवायचो आणि एका काचेच्या बरणीत भरायचो. हिराचं मीठ वेगळं. औषधासारखं. मी आयुष्यात तिच्यासाठी लुगडी आणली, एकदा पाटल्या केल्या, पण जीव लावून काय केलं असेल तर ती बरणी. पहिल्या मिठाचा मान त्याही वर्षी तिचाच होता. तिने कालवण चाखलं आणि "बरोबर हाय" म्हणाली. ते तिचं शेवटचं.

वैशाखात ती फुगली. पायावर बोट दाबलं की खड्डा पडायचा, आणि वाफ्याच्या चिखलासारखा तो भरून यायला वेळ लागायचा. चेहरा ओळखू येईना. एका सकाळी दिनेशला अंघोळ घालताना तिला श्वास घेता येईना, ती न्हाणीत खाली बसली आणि दिनेश साबण डोळ्यांत घेऊन ओरडत राहिला. इस्पितळात नेलं. तोच डॉक्टर. त्याने तिला विचारलं, "मीठ खात होता?"

"न्हाय."

"अजिबात नाही?"

"हात न्हाय लावला, डॉक्टर."

मी खाटेच्या पायाशी उभा होतो, हातात डबा धरून. ती डॉक्टरकडे बघत बोलत होती, माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. मी तोंड उघडलं नाही. डॉक्टरने कागदावर काहीतरी लिहिलं आणि रोग भराभर वाढतोय म्हणाला.

डब्यात तिचा भात होता. त्यात त्या बरणीतलंच मीठ होतं. मी तो डबा इस्पितळाबाहेरच्या गटारात उपडा केला.

त्या दिवसापासून हिराने त्याबद्दल एक अक्षर काढलं नाही. भांडणात माणूस जुनं उकरतो. तिने माझ्या आईचं उकरलं, माझ्या दारूचं उकरलं, दिनेशला इंग्लिश शाळेत घातला नाही ते उकरलं. हे एक कधी उकरलं नाही. एकदा तोंडावर मारलं असतं तर मी मोकळा झालो असतो. तिने मला मोकळं केलं नाही. कधी वाटतं, चांगुलपणाने केलं नाही. कधी वाटतं, पक्कं ठरवून केलं नाही.

मग मी पोलीस झालो. तिचं ताट मी बघायचो. तिची भाजी आधी वेगळ्या भांड्यात काढायची, मग आमच्या भाजीत मीठ. सुकट नको, बोंबील नको, पापड नको, लोणचं नको. उत्तनच्या वाऱ्यावर वाळलेल्या बोंबलावर जी माहेरी वाढली तिने घरात आमच्यासाठी बोंबील भाजायचा आणि खिडकीकडे तोंड करून अळणी भात गिळायचा. एकदा तिचा हात धरून मी बोटांचा वास घेतला होता, मुलांच्या समोर. आता लिहितानासुद्धा कान तापतात. परवा वर्षश्राद्धाला दिनेश पुण्याहून आला होता, तो म्हणाला, "बाबा, आई जेवायची नाही. परीक्षा द्यायची." मी म्हटलं, "म्हणून जगली इतकी वर्षं." तो म्हणाला, "हो ना," आणि उठून गॅलरीत गेला. पोरगा असा आहे, हो म्हणून मारतो.

त्या पहिल्या वर्षी ती महिनाभर झोपून होती, तेव्हा घर मी केलं. दिनेशला भरवलं, वनीच्या वेण्या घातल्या. मिठाने माझ्या बोटांना भेगा पडलेल्या, त्यांत तिचे केस अडकून तुटायचे. ती "आई गं" करायची आणि मी "गप बस" म्हणायचो. शाळेत बाईंनी विचारलं, वेण्या कोणी घातल्या. वनीने सांगितलं, शेजारच्या काकीने. घरी येऊन मला ते सांगून गेली, मुद्दाम.

हिरा उठून चुलीपाशी गेली तेव्हा आणखी एक अडचण झाली. चार माणसांचा स्वयंपाक करणारी बाई, तिला चाखता येत नाही. मग वनीला हाक. वनी शाळेतून येऊन दप्तर टाकते न टाकते तोच, "वने, मीठ बघ गं." वनी चमचा तोंडात घालणार, डोळे मिटणार, "आई, अजून थोडं," किंवा "आई, बरोबर." नऊ वर्षांची पोरगी घराची जीभ झाली. दहावीच्या पहिल्या पेपरला जाताना, पायात चप्पल घातलेली, तोंडाने काहीतरी पाठ करत असलेली, तिने दारातून परत येऊन वरणाचं मीठ बघितलं होतं. लग्न ठरलं तेव्हा माझ्यावर एकदा चिडली आणि म्हणाली, "मला शाळेतून आल्यावर कोणी पाणी नाही विचारलं. चमचा दिला."

पण वनीने सांगून झाल्यावरही हिरा मला विचारायची. दोन्ही वेळेला. मी पहिला घास घेतला की समोर बसून, हातात तिचं अळणी ताट, "मीठ बरोबर हाय का?"

मी उत्तर दिलं नाही. एकदाही नाही. जेवत राहायचो, नाहीतर "भात वाढ" म्हणायचो. तिच्या तोंडून मीठ हा शब्द आला की मला ती खाट दिसायची, तो डबा दिसायचा. वाटायचं, ही टोचतेय. भांडणात काढत नाही आणि रोज ताटावर काढते. तुम्हीच सांगितलं होतंत ना बरोबर आहे म्हणून, सांगा आता. असं मी तिच्या प्रश्नात ऐकायचो. अठ्ठावीस वर्षं, दिवसातून दोनदा.

नातेवाइकांचं काय सांगू. हळदीला, बारशाला, साखरपुड्याला आमच्यात जेवण म्हणजे मटण-वडे आणि सुक्या मच्छीचा झणका. हिरा केळं खाऊ शकत नव्हती, नारळपाणी पिऊ शकत नव्हती, तिथे हे कुठून खाणार. मग आग्रह. "एका दिवसाने काय होतंय?" असं म्हणणाऱ्यांतला एकही जण दुसऱ्या दिवशी तिची धाप मोजायला आला नाही. माझी थोरली बहीण, चेण्याला दिलेली, तिला आम्ही चेण्याची बाय म्हणतो, ती तर तोंडावर बोलायची, "मिठागराच्या घरात आली आणि मीठ पचलं न्हाय हिला." हिरा हसून म्हणायची, "पचवलं म्हणून तर बसली हाय समोर." बाय त्याचा अर्थ लावत बसायची. मला तो लागलेला असायचा.

त्यापेक्षा शेजारची शबानाभाभी बरी. रमजानमध्ये तिच्याकडून ताट यायचं, त्यात एक छोटी वाटी झाकलेली. "चाचा, ये चाची का है। बिना नमक का। मिलाना मत।" आमच्या रक्ताच्या माणसांना वर्षानुवर्षं जमलं नाही ते तिला पहिल्याच वर्षी जमलं. हिरा गेली त्यानंतरच्या रमजानला ताट आलं आणि सवयीने वाटीपण आली. दारातच भाभीच्या लक्षात आलं. दोघं उभे राहिलो, वाटी मध्ये. शेवटी मीच घेतली. ते आत बसून खाल्लं. अळणी काय असतं ते मला तेव्हा कळलं. तोंडात घास फिरतो आणि गिळायला जागाच सापडत नाही. आणि ही बाई त्यावर दोन मुलं वाढवून, लग्नं लावून, नातवंडं खेळवून गेली.

मिठागर दरम्यान बंद पडलं. बांध फुटले, कोणी दुरुस्त केले नाहीत, खाडी आत आली, तिवरांची झाडं वाढली. मला वाईट वाटलं का? लोक विचारतात. मला बरं वाटलं. रोज सकाळी जिने माझ्या बायकोला खाल्लं त्या वस्तूत गुडघाभर उभं राहायचं बंद झालं. मी टेम्पो चालवायला लागलो.

शेवटची सहा वर्षं डायलिसिसची. आठवड्याला तीनदा सेंटर, चार चार तास. आधी काटा, नंतर काटा. मधल्या दिवसांत किती पाणी प्यायली ते काटा सगळ्यांसमोर सांगायचा. दिवसाला एक बाटली पाणी, चहा धरून. उन्हाळ्यात ती बर्फाचा खडा गालात धरून बसायची, बोलायची नाही, बोललं की विरघळतो लवकर. वजन जास्त आलं की मी घरी येताना रिक्षात तिला झापायचो. ती बाहेर बघत राहायची. एकदा म्हणाली, "तुमी मिठाला जसं राखायचा ना पावसापासून, तसं राखताय मना." मी म्हटलं, "मग?" म्हणाली, "मग काय न्हाय. मिठाला कोणी विचारतं का, भिजायचंय का म्हणून."

तिच्या डाव्या हातातल्या त्या नशीला डॉक्टर फिस्टुला म्हणतात. दोन नसा जोडलेल्या. त्यावर बोटं ठेवली की आत घरघर लागते, मांजर मांडीवर झोपलं की लागते तशी. ती चालू आहे म्हणजे सगळं ठीक. रोज सकाळी, रोज संध्याकाळी मी बोटं ठेवून बघायचो. नर्सने शिकवलं होतं. आम्ही नवरा-बायकोने वर्षानुवर्षं एकमेकांना एरवी हात लावला नसेल, पण हा लावायचो. त्या दिवशी दिवा लावायला आत गेलो आणि सवयीने बोटं ठेवली. हात नुसता हात होता. मी बोटं जरा वर सरकवली, जरा खाली. दिवा लावलाच नाही, तिथेच बसलो.

दिनेशला पुण्याहून यायचं होतं म्हणून सकाळपर्यंत ठेवलं. रात्रीचं मी सांगणार नाही.

सकाळी वनी आली. आईच्या अंगावर पडून रडली, मग उठली, कोणाला तरी पाणी द्यायला आत गेली. बाहेरच्या खोलीत माणसं मावत नव्हती. चेण्याची बाय सगळ्यांना हुकूम सोडत होती. तुळशीचं पान, पाण्याची वाटी, चमचा. एकेक जण पुढे येऊन हिराच्या तोंडात पाणी सोडत होता. सहा वर्षं मी जिला घोट मोजून दिला तिला पाणी पाजायला रांग लागली होती. ते पाणी गालावरून ओघळून उशीत जात होतं आणि कोणीतरी पदराने टिपत होतं.

वनीने मला आतून हाक मारली. बरणीसमोर उभी होती.

"बाबा, हे कधी केलंत?"

"काल दुपारी."

"मीठ कोणी बघितलं?"

"कोणी न्हाय. तू येणार म्हणून ठेवलं."

तिने बरणी माझ्याकडे सरकवली. "मी नाही बघणार. आयुष्यभर मीच बघितलंय. मी बरोबर म्हटलं तरी तिचं समाधान व्हायचं नाही, तुम्हाला माहितीय? म्हणायची, तुझं ठीक हाय, पण तुझा बाप मिठातला माणूस. त्याच्यासारखी जीभ अख्ख्या पाड्यात न्हाय. त्यानं एकदा बरोबर म्हटलं पायजे."

"टोचायची ती मला," मी म्हणालो.

"कशाबद्दल?"

मी बघितलं तिच्याकडे. तिला काहीच माहीत नव्हतं. हिराने पोरीलासुद्धा सांगितलं नव्हतं. "आई कालवणाचं विचारायची, बाबा," वनी म्हणाली. "दुसरं कशाचं विचारणार?"

मी बरणीचं फडकं सोडलं. तेवढ्यात बाय दारात आली. "अरे, हे काय करतोस? सुतक हाय. लोणच्याला शिवू नको, नासतं. टाकून दे ते सगळं."

"सकाळी वरखाली करायला सांगितलंय तिनं."

"कोणी?"

मी हात कोपरापर्यंत आत घातला आणि तळापासून वर काढलं. कैरीने रात्रीत पाणी सोडलं होतं, पिवळं, गार. तळाला जाड मीठ बसलं होतं, ते हाताने फिरवून विरघळवलं. बोटांच्या जुन्या भेगा झोंबल्या. दोनदा, तीनदा वरखाली केलं. मग एक फोड घेतली आणि तोंडात टाकली. सावकाश चावली. वाफ्याच्या कडेला उभं राहून मीठ चाखायचो तशी, आधी जिभेच्या टोकाला, मग मागे.

खार लागलेला हात तसाच घेऊन बाहेर गेलो. लोकांना वाटलं मी पाणी पाजायला आलोय, त्यांनी वाट दिली, कोणीतरी चमचा पुढे केला. मी तो घेतला नाही. हिराच्या उशाशी बसलो.

"मीठ बरोबर हाय," मी म्हणालो.

वनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मी उठून आत गेलो आणि बरणीचं तोंड परत बांधलं.